चिखलाचं कौतुक

मोसमातल्या पहिल्याच आंतरमहाविद्यालयीन सायकल शर्यतीत जिंकलेल्या प्रणोतीच्या, चिखलाने माखलेल्या चेहऱ्याकडे प्राचार्यांनी बोट दाखवलं. "याला म्हणतात मेहनत! नाहीतर ही आमची संयोगिता. सातवी आली, पण तोंड बघा कसं स्वच्छ! फिरायला गेली होतीस का गं?"

सगळे हसले. प्रणोतीसुद्धा.

संयोगिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उसाला सोडलेलं पाटाचं पाणी आज जागोजागी रस्त्यावर आलं होतं आणि त्या राड्यातून चाळीस किलोमीटरभर सगळ्यांच्या पुढे तीच होती. प्रशिक्षक खोत सरांनीच ठरवलं होतं, संयोगिताने वारा अंगावर घ्यायचा, प्रणोतीने तिच्या मागच्या चाकाला चिकटून दम राखायचा आणि शेवटच्या दोनशे मीटरला बाहेर पडून जिंकायचं. प्रणोतीच्या तोंडावरचा चिखल हिच्याच चाकाने उडवला होता.

तिने सरांकडे पाहिलं. सर हळूच म्हणाले, "जाऊ दे गं. त्यांना काय कळतंय यातलं?"

"मग तुम्ही सांगा ना!"

"आता कुठे सांगत बसू? चारचौघांत बरं दिसत नाही. पुढच्या रविवारी मोठी शर्यत आहे, तिथेही असंच खेळायचं."

संयोगिताने हेल्मेट काढून त्यांच्या हातात दिलं.

"पुढच्या रविवारी मीही तोंड माखून येणार, सर. पुढे राहून वारा खायला प्राचार्यांना बोलवा."