सात हाली

“घेतं त आजच घे, तानबा. उद्या हे सातही वितळायले मुशीत जातीन.”

चंद्रभान सराफानं सात रुपये गादीवर ओळीनं मांडले. प्रत्येकावर चारमिनार. निजामाच्या मुलखातला, म्हणजे मोगलाईतला, हा हाली रुपया एकेकाळी इकडं सेलूच्या बाजारातही चालायचा, सात हालीला सहा कलदार, म्हणजे इकडचे सरकारी रुपये, या भावानं. पण निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आता तिकडंही कलदारच चालू झाला होता.

“कितीले देता?” तानबानं विचारलं.

“तुले सहातच.”

“आन् बायजामाय हेच घेऊन आली त?”

“तिले तीन. आता मी चांदीच्या भावानंच घेतो, आन् चांदी यात अर्धीच.” सराफ मिशीत हसला. “तू नेतं, ते आनते. काऊन करतं बे हे, मले कळत नाई. पन माह्यी दुभती गाय हाय ही. चारा तुह्या घरचा, दूध माह्या घरी.”

तानबा हसला नाही. कमरेला कनवटीत लाकूडतोडीतून राखलेले सहा कलदार होते. ते तसेच नेऊन दिले, तर बायजामायची थंडी निघाली असती. ज्वारी, मीठ, एखादं जाडंभरडं लुगडंही. हाली नेले तर तिच्या हाती तीनच रुपये पडणार. पण कलदार कोणाचेही असू शकतात. चारमिनाराचा रुपया मोगलाईतूनच येतो, म्हणजे जंगूकडूनच येतो.

त्यानं सहा कलदार गादीवर ठेवले आणि सात हाली उचलले.

जंगू बायजामायचा एकुलता एक. हिंगणीच्या जंगलाच्या कडेला गोंडांची चार घरं, त्यातलं शेवटचं तिचं. तानबानंच त्याला मोगलाईत सागवान कापायला नेलं होतं. एका करवतीचं एक टोक जंगूच्या हातात, एक तानबाच्या. झाड कलंडलं तेव्हा तानबानं हाक मारली, पण उशिरा. तिथंच त्याला माती देऊन, त्याच्या मजुरीचे सात हाली कनवटीला लावून तानबा एकटा परतला. सगळी वाट तो एकच वाक्य घोळवत आला होता. पण बायजामायनं ते रुपये हातात घेतले, चारमिनारावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “तिकडंच हाय म्हन माह्यं पोरगं.”

तानबाच्या तोंडून निघून गेलं, “हो.”

त्या एका ‘हो’ची पाच वर्षं झाली. दर कार्तिकात तो सराफाकडून सात हाली घ्यायचा आणि ‘जंगूनं धाडले’ म्हणून तिला द्यायचा. आठवड्याभरात ती ते त्याच सराफाकडं मोडायची. पहिल्या साली सातांचे सहा आले. मग साडेपाच. मग पाच. मग साडेचार. मग चार. ती कधी कुरकुरली नाही.

सेलूच्या देवळात काकड्याची समाप्ती होती, काल्याचं कीर्तन रंगलं होतं. तानबाचा जीव कीर्तनात रमायचा. टाळ ऐकू आला की त्याचे पाय आपोआप वळायचे. तो खांबाशी टेकून बसला. बुवा सांगत होते, “खोटं नाणं टाकलं तर देव हसून घेतो हो. त्याला काय बाजार करायचाय? पण आईला खोटा निरोप देऊ नका. ती तो जपून ठेवते.” सगळी मंडळी डोलली. तानबाच्या कमरेला मात्र सात निखारे बांधल्यासारखं झालं. दहीहंडी फुटायच्या आतच तो उठला. आयुष्यात पहिल्यांदा काला न घेता तो देवळाबाहेर पडला.

हिंगणीला पोचला तेव्हा उन्हं कलली होती. बायजामाय अंगणात मोहाची पानं टाचत बसली होती.

“आला का बापा? बस.”

तानबानं पुडी पुढं केली. “जंगूनं धाडले, माय. खुशाल हाय म्हने.” बुवांचा शब्द अजून कानात होता, तरी जीभ जुन्याच वाटेनं गेली.

तिनं पदरावर रुपये ओतले. एकेक उचलून उन्हाकडं धरला, चरून परतलेल्या ढोरांवरून फिरवावा तसा प्रत्येकावरून हात फिरवला.

“हा काठाले चेपलेला,” ती म्हणाली. “ह्याच्या मिनारावर डाग हाय. हा काळा पडला, राखेनं घासला होता मी मांगच्या साली. सातही आले म्हना.”

तानबाला सगळे रुपये सारखे दिसायचे. सात म्हणजे सात. पाच वर्षांत त्यानं एकही निरखून पाहिला नव्हता. आणि तिच्याजवळ तर लेकाचं दुसरं काही पाहायलाच नव्हतं.

“माय, तुले... कवापासून?”

“दुसऱ्या सालापासून. जाऊन-येऊन सराफाचंच पोट भरलं, बापा.”

“मंग बोलली काऊन नाई?”

बायजामायनं सातही रुपये पदराच्या गाठीत बांधले. ह्या खेपेला मोडायचे नाहीत, अशी घट्ट गाठ. मग तिनं तानबाचा हात धरून त्याला जवळ बसवलं.

“जित्याच्या नावानं रडू नाई, म्हनतात. तुह्या तोंडून निघन म्हनून थांबली व्हती,” ती म्हणाली. “आता सांग बापा. पाच सालाचं रडनं राह्यलं हाय माह्यं.”