गुरुवारची गोळी

"एवढी नवी गोळी दिली, तरी एकशे सत्तर?" डॉक्टरांनी अय्याजच्या दंडावरचा पट्टा सोडला. "बीपी, शुगर, सुटलेलं पोट, तिन्हींवर लागू पडणारं औषध आहे हे. रोज घेता ना?"

"घेतो, साहेब."

शेजारी बसलेल्या रुक्सानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा धडधडीत खोटं बोलत होता. डॉक्टर चिठ्ठीवर आणखी एका गोळीचं नाव लिहायला लागले, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

"फक्त गुरुवारी घेतात," ती म्हणाली. "कंपनीला सुट्टी असते तेव्हा. बाकी सहा दिवस गोळी पाकिटातच."

डॉक्टर भडकले. जिवाशी खेळ चाललाय, कळतंय का? अंगावरून वारं गेलं म्हणजे कळेल? त्यांनी बरंच सुनावलं. घरी भाजी जरा अळणी झाली तर ताट सरकवणारा अय्याज इथे मूग गिळून बसला. त्याचीच रुक्सानाला जास्त चीड आली.

"ह्यांना काय विचारताय, मी सांगते. ही गोळी घेतली की सारखं लघवीला लागतं. चाकणला ह्यांची लाइन चालू असते, ती काय थांबते का? जागेवर दुसरा माणूस आल्याशिवाय हलता येत नाही. एकदा सोडतात, दोनदा सोडतात. तिसऱ्यांदा मागितलं की लाइन लीडर सगळ्यांसमोर विचारतो, काय भाऊ, डायपर आणून देऊ का? पन्नाशीच्या माणसाला."

"मग कामावरून आल्यावर घ्या."

"आल्यावर घेतली तर झोप होत नाही, साहेब," अय्याज पुटपुटला. "आणि डुलकी लागली तर मशीनमध्ये हात जातो."

डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी पुढे केली. रुक्सानानं ती चिठ्ठी त्यांच्याकडे परत सरकवली.

"ही दुसरी गोळी खोडा. त्यापेक्षा त्या लाइन लीडरला लिहून द्या. ह्यांना लघवीला सोडायचं, लागेल तितक्यांदा. खाली तुमचा शिक्का मारा."

डॉक्टरांना ते पटलं. त्यांनी कोरा कागद ओढला आणि कंपनीचं नाव विचारलं.

अय्याजनं पंजा पसरून तो कागद झाकला.

"नको, साहेब. मार्चमध्ये माझं कंत्राट संपतंय, नवं व्हायचंय." मग बायकोकडे न बघता तो म्हणाला, "तुम्ही आपली गोळीच वाढवा."