मुका

बाबांनी ग्राइंडरच्या नव्या दगडाच्या मधल्या भोकात तर्जनी घातली, दगड लोंबता धरला आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकाच एक ठोका दिला. टण्णकन आवाज शेडच्या पत्र्यापर्यंत गेला आणि तिथे क्षणभर रेंगाळला.

"मुका," बाबा म्हणाले.

त्यांनी दगड खाली ठेवला आणि हातोड्याने त्याचे दोन तुकडे केले. चुकून कुणी बसवू नये म्हणून. तडा गेलेला दगड फिरता फिरता फुटला तर समोरच्याचं तोंड शिल्लक ठेवत नाही. म्हणून चढवण्याआधी वाजवून बघायचा. खणखणीत वाजला तर बोलका, थप्प वाजला तर मुका. हे शब्द बाबांचेच. सुतार, चावीवाला अशा कारागिरांच्या या सामाईक शेडमध्ये ग्राइंडर एकच, आणि बाबांनी वाजवल्याशिवाय त्यावर दगड चढत नसे.

त्यांची मुलगी दाराशी उभी होती. सुताराने तिला फोन करून बोलावलं होतं.

"हा दुसरा," तो तिच्या कानाशी पुटपुटला. "दोन्ही घंटेसारखे वाजत होते. माझ्या पटाशीने आता लोणीसुद्धा कापलं जायचं नाही. ताई, तुम्हीच सांगा त्यांना. आमची जीभ रेटत नाही."

"कुणीच काही बोललं नाही?"

"चावीवाला बोलला ना. 'दादा, वाजला की हो!' तर म्हणाले, आधी कान धुऊन ये."

तिला हसू आलं, मग आठवलं. घरी बाबांना कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली होती, दारावरची बेलही. माणसांचं बोलणं तेवढं बाबांना ऐकू यायचं, त्यामुळे बाकीचं कुणी मनावर घेतलं नव्हतं.

"हात थरथरायला लागले तेव्हा धार लावायचं त्यांनी आपणहून सोडलं," सुतार म्हणाला. "आता येतात ते एवढ्यासाठीच. हेही काढून घेतलं तर..."

"अगं, तू इथे कशी?" बाबांनी तिला पाहिलं. "ये, बघ कसला माल पाठवतात हल्ली. एकजात मुके."

खोक्यात एकच दगड उरला होता. बाबांनी तो उचलला.

"बाबा," ती म्हणाली, "दगड मुका नाहीये."

"मग काय आहे?"

चावीवाला हातातली कानस उलटसुलट करून पाहू लागला. सुतार फडका घेऊन बाकावरचा भुसा झाडायला लागला, नव्हता तिथलाही. जो एक शब्द उरला होता, तो कुणी तोंडात घेईना.

"बोल ना. काय आहे?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग सुताराकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"धर," ते म्हणाले. "नुसतं बोट घाल. मुठीत आवळलास तर आवाज मरतो. मी वाजवतो."

तिने दगड बोटावर घेतला. काही झालं तरी चेहरा हलू द्यायचा नाही, असं तिने ठरवलं. बाबांनी ठोका दिला. आवाज तिच्या बोटातून थेट कोपरापर्यंत चढला; स्वच्छ आणि लांब. बाबा दगडाकडे बघतच नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

"अस्सं," ते म्हणाले.

त्यांनी पुन्हा वाजवलं नाही. स्क्रूड्रायव्हर नेमका त्याच्या खाचेत ठेवला, मुलीच्या बोटावरून दगड सोडवून घेतला आणि सुताराच्या हातात दिला.

"बसव."

सुताराने दगड चढवला, नट आवळला, वरचं झाकण लावलं.

"बाजूला व्हा!" बाबा सवयीने ओरडले. नवा दगड सुरू केला की पहिलं मिनिट कुणी समोर थांबायचं नाही, हाही नियम त्यांचाच. सगळे भिंतीला टेकले. सुताराने बाजूला राहूनच हात लांब करून बटण दाबलं. दगड घरघरला, वेग घेऊ लागला, मग एका सुरात घुमायला लागला. फुटला नाही.

मिनिट झालं. सुतार डोळ्यांवर चष्मा चढवून पटाशी घेऊन पुढे आला. चावीवाला आपल्या बाकाकडे गेला. ठिणग्या उडू लागल्या.

"बाबा, झालं मिनिट," ती म्हणाली.

बाबा भिंतीशी, बाजूलाच उभे राहिले.