घरघर

बाबा गेल्यावर त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट घरात उरली होती, आणि त्यांच्या गाण्याखाली पहिल्यापासून शेवटपर्यंत एक घरघर होती. ती गाळून आईला बाबांचा निखळ आवाज ऐकवायचाच, असा लेकीने चंग बांधला होता. पण तिने जोडलेलं फिल्टरचं सर्किट काही केल्या बधत नव्हतं. कपॅसिटर बदलला की शिट्टी वाजे, रेझिस्टर बदलला की बाबांचाच गळा बसे. ऑप-अँपची आणखी एक आठ पायांची चिप जळून वास सुटला, तेव्हा तिने हातातली पक्कड टेबलावर आदळली.

"अगं, ते आठ पायांचे किडे भाजत बसण्यापेक्षा दोन घास खाऊन घे," आई म्हणाली.

"आई, तू मध्ये बोलू नकोस. आधीच डोकं फिरलंय माझं!"

संध्याकाळी एकदाची ती घरघर गेली. बाबा अगदी शेजारी बसून गावेत तसे गाऊ लागले. लेकीने हेडफोन आईच्या कानांना लावला. आईने डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं, मग हेडफोन काढून गोंधळल्यासारखं विचारलं,

 

"यातली मी कुठे गेले गं? मी मशीनवर शिवत बसायचे, त्याच तालावर तर गायचे ते."