यादीतला दुसरा नंबर

तालुक्यातल्या नऊ सर्व्हरांवर मुरबाडच्या ऑफिसातला एकच कॉम्प्युटर लक्ष ठेवायचा. एखादा बंद पडला, की तो आपोआप दुरुस्तीवाल्या भगीरथला फोन लावायचा. त्याने उचलला नाही, तर त्याच्या बायकोला, वेणूला. ती हातातलं काम टाकून नवऱ्याला शोधून काढायची.

वेणूला जाऊन तीन महिने झाले, तेव्हा साहेबांनी त्याला बोलावलं. "भगीरथ, वहिनींचा नंबर आता यादीतून काढू या."

"नाय काढायचा. नोकरी गेली तरी नाय."

"अरे, पण तो उचलणार कोण?"

"मीच उचलतो. माझ्याच खिशात असतो."

"मग तुझा स्वतःचा फोन आधी वाजतो, तेव्हा काय करतोस?"

"वाजू देतो, साहेब. तो थांबल्याशिवाय तिचा वाजत नाय."