साखरेची वाटी

शेजारच्या रेगेबाईंचा विषय निघाला की इंग्रजीचे निवृत्त शिक्षक मोनेसर मराठी कटाक्षाने टाळत. "अनअटेनेबल," ते कट्ट्यावर म्हणत. दुसऱ्या दिवशी "इनॲक्सेसिबल" आणि फारच उदास वाटलं तर "बियाँड रीच". मराठी माणूस हारसुद्धा इंग्रजीत मानतो, म्हणजे ती जरा शिकलेली वाटते.

"अरे मोन्या," त्यांचा मित्र खांबेटे वैतागला, "दोघंही एकटे, मध्ये एक भिंत. तो शब्दकोश मीट आणि बेल वाजव!"

निमित्त घरातच होतं. रेगेबाई अधूनमधून वाटीतून आमटी आणून देत आणि वाटी रिकामी परत करू नये म्हणून सर तीत साखर भरून पोचवत. बाईंकडे साखरेचा डोंगर झाला, गोष्ट मात्र तसूभर पुढे सरकली नाही.

त्या संध्याकाळी सरांनी इस्त्रीचा सदरा चढवला, वाटीत साखरेऐवजी मोगऱ्याची फुलं ठेवली आणि बेल दाबली. दार उघडताच पाठ केलेलं सगळं इंग्रजी पळून गेलं.

"रेगेबाई, आपण एकत्र जेवत जाऊ या का? म्हणजे... कायमचं."

बाईंनी फुलं अंबाड्यात खोवली आणि वाटी रिकामीच परत दिली. सरांचा चेहरा पडला.

"अहो, ती आता तुमच्याच ओट्यावर राहू दे," बाई म्हणाल्या. "उद्यापासून आमटी तिथेच करू. आणि सर, आता बाजारातून साखर आणू नका हं. वर्षभर पुरेल एवढी मी घेऊन येणार आहे."