ओट्याची उंची

"हा शेवटचा कागद. जरा नजर टाक, सोमवारी काम सुरू करायचंय," असं म्हणून आर्किटेक्टने नकाशा बायकोपुढे पसरला आणि स्वतः समोर बसून पेन्सिलीला टोक काढू लागला.

त्याच्या ऑफिसातला एकही नकाशा तिच्या सहीशिवाय बाहेर जात नसे. रेषा त्याने ओढायच्या, मापं तिने तपासायची. अठरा वर्षं हेच चाललेलं. आणि हा तर स्वतःच्या घराचा नकाशा. कोपऱ्यात त्याने लिहिलं होतं : दोन माणसांसाठी. ते वाचून ती चक्क लाजली. या वयात, म्हणजे बघा.

घर देखणं होतं, त्यात वाद नाही. काँक्रीटच्या चार भिंती, एक लांबलचक खिडकी, बस्स. कपाटांना मुठी नाहीत, छताला नक्षी नाही. "जे वापरात नाही ते काढून टाकायचं," हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून त्याच्या तोंडाला फेस यायचा. इथे त्याने ते स्वतः करून दाखवलं होतं. तिच्या शिवणमशीनला तेवढी कुठे जागा दिसेना. जाऊ दे, ती मनाशी म्हणाली, साधेपणा म्हटला की आपलंही काहीतरी सुटणारच.

लाल पेन्सिलीने आकड्याआकड्यावर टिंब देत ती पुढे सरकली. दार बरोबर. खिडकी बरोबर. स्वयंपाकाचा ओटा, उंची अडतीस इंच.

तिला हसू आलं. तिला ओटा लागतो बत्तीस इंची. ऑफिसचा नियमच होता : ओट्याचं माप पुस्तकातून उचलायचं नाही. जे माणूस रांधणार त्याला उभं करायचं, कोपर वाकवायला लावायचं आणि तिथून सहा बोटं खाली ओटा. नवरा उंचीला तिच्याएवढाच, आणि त्याने तर जन्मात कधी साधं पाणी तापवलं नव्हतं. तिला तो लाडाने 'अर्धी वीट' म्हणायचा. "भिंत पुरी करायला शेवटी अर्धी वीटच लागते," असं चारचौघांत सांगायचा, आणि ही दर वेळी हरभऱ्याच्या झाडावर चढायची.

"अहो, ओटा अडतीस लिहिलाय. आकडा चुकला वाटतं."

"चुकेल कसा?" तो मान वर न करताच म्हणाला. "मोजून घेतलाय."

मग त्याचा पेन्सिल तासणारा हात थांबला.

तिने वर पाहिलं. टेबलावरचा टांगता दिवा गेल्या महिन्यात त्याने हातभर वर बांधून घेतला होता. ऑफिसात दिव्यांची कामं बघायला येणारी एक उंच बाई नकाशावर वाकली की तिचं कपाळ त्यावर आपटायचं. किती काळजी घेतो हा माणसांची, असं हिला तेव्हा कौतुक वाटलं होतं. त्याने केसाने गळा कापावा आणि हिने मान पुढे करून द्यावी, तशातली गत. नव्या घराला तो एकदाही 'आपलं' म्हणाला नव्हता, हेही तिला आत्ता आठवलं.

"कोणाचं कोपर?" तिने विचारलं.

त्याने टेबलावरचा पेन्सिलीचा भुसा बोटाने गोळा केला.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "सोमवारच्या आत."

"आणि तरी माझ्याकडूनच तपासून घेतलंत?"

"तुझ्याइतकं बारकाईने दुसरं कोण बघतं?" तो हे अगदी मनापासून म्हणाला, आणि तेच तिला सगळ्यांत जास्त लागलं.

तिने अडतीसवर टिंब दिलं. उरलेली सगळी मापं पाहिली. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

"हे बघ, अर्धी वीट..." त्याने सुरुवात केली.

"या घरात वीट कुठेच नाही," ती म्हणाली. "सगळं काँक्रीट आहे. मी तपासलंय."